माणसाने घडवलेला माणूस

श्रोतेहो, नमस्कार. डिसेंबर 2021 मध्ये आपल्या नाशकात साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष होते जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे त्यांना येता आलं नाही. पण विज्ञानकथा लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला मराठीने हा मान दिला, याचा आनंद मला अजून आहे. म्हणूनच आज विज्ञानकथेतला एक जुना विषय घेतलाय: माणसाने घडवलेला माणूस.

सुरुवात 1818 ची. मेरी शेली अवघ्या विशीतली, आणि तिची कादंबरी 'फ्रँकेन्स्टाईन'. पुष्कळांना हे त्यातल्या, माणसाने घडवलेल्या राक्षसाचं नाव वाटतं. नाही हो, ते त्याला घडवणाऱ्याचं. त्या जिवाने डोळे उघडले आणि निर्माता घाबरून पळाला. मग बारसं कोण करणार? बिचारा एका झोपडीच्या आडोशाला लपतो आणि भिंतीच्या फटीतून घरच्यांचं बोलणं ऐकत भाषा शिकतो. हा भाग कितीदा वाचला असेल, दर वेळी गलबलून येतं.

पुढे 1920 मध्ये कारेल चापेक या चेक लेखकाच्या नाटकातून 'रोबोट' हा शब्द आला. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठबिगारी. एकट्या पोरक्या जिवाच्या जागी आता कारखान्यात घडवलेले मजूर होते, आणि ते बंड करून उठले. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. कारखाने काय काय घडवू शकतात, हे युरोपने भोगलं होतं. 1942 मध्ये विज्ञानकथाकार आयझॅक असिमोव्हने आपल्या कथांतल्या यंत्रमानवाला तीन नियम घातले. पहिलाच असा, की माणसाला इजा करायची नाही. खरी गंमत मात्र ते नियम कुठे अडतात, ते दाखवणाऱ्या कथांत आहे.

मध्यंतरी अंबडच्या एका कारखान्यात पिवळ्या जाळीआड वेल्डिंग करणारा रोबोटचा हात पाहिला. ठिणग्या उडत होत्या. शेजारचे ऑपरेटर म्हणाले, "याला जेवणाची सुट्टी लागत नाही, साहेब. आमच्या पोरांचं काय होणार?" चापेकच्या नाटकातली वेठ यंत्राकडे राहिली, काळजी तेवढी माणसाकडे आली.

हल्लीच्या कथांत तर देहही उरला नाही. नुसता आवाज, खिशातल्या फोनमधून बोलणारा. तोही आपलंच बोलणं ऐकून शिकलेला, त्या फटीशी कान लावून बसलेल्या निनावी जिवासारखा.