फुकट तर सगळ्याच होत्या

[कॅबिनेटवरचा स्टिकर: लाल भूत, दोन शिंगं, हातात त्रिशूळ]

फुकट ऑपरेटिंग सिस्टिम बऱ्याच होत्या; लोकांनी कुठली घेतली आणि का, त्याची ही गोष्ट. हे त्यातल्या बीएसडी घराण्याचं बोधचिन्ह. घराणं जुनं आणि नामांकित. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करता करता तिथल्या लोकांनी त्यातला एकेक भाग नव्याने लिहून काढला. जून 1991 मध्ये बर्कलीने हा कोड खुला केला, तेव्हा जवळपास अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम तयार होती. कर्नलमधल्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातल्या, फक्त सहा फायली एटी अँड टीच्या म्हणून गाळाव्या लागल्या होत्या. बिल आणि लिन जोलिट्झ या जोडप्याने त्या जागा भरल्या आणि 1992 मध्ये 386 चिपच्या साध्या पीसीवर बीएसडी चालवून दाखवली.

[काळ्या पडद्यावर धावणाऱ्या पांढऱ्या ओळी]

आणि हे लिनक्स. 25 ऑगस्ट 1991 ला हेलसिंकीतला एकवीस वर्षांचा लिनस टॉरव्हल्ड्स जाहीर करतो, की आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, ग्नूसारखं मोठं काही नाही. ग्नू म्हणजे युनिक्ससारखी फुकट सिस्टिम नव्याने लिहिणारा प्रकल्प. त्यांच्याकडे तेव्हा कंपायलर होता, एडिटर होता, शेल होतं. नव्हता तो कर्नल. हर्ड नावाच्या त्यांच्या कर्नलचं काम 1990 मध्ये सुरू झालं. अजून सुरूच आहे. ती जागा लिनक्सने भरली.

कागदावर बघाल तर बीएसडी कितीतरी पुढे होती. खुद्द टॉरव्हल्ड्सने पुढे सांगितलं, की जोलिट्झ जोडप्याची 386बीएसडी तेव्हा हाताशी असती तर आपण लिनक्सच्या फंदात पडलोच नसतो.

घोडं अडलं कोर्टात. बर्कलीचा कोड विकायला बीएसडीआय नावाची कंपनी निघाली. विक्रीसाठी तिने असा फोन नंबर घेतला, की त्याच्या आकड्यांच्या बटणांवरची अक्षरं जुळवली तर ‘इट्स युनिक्स’ असं वाचता यावं. एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीला ते झोंबलं. 1992 मध्ये दावा दाखल झाला, मग विद्यापीठही त्यात ओढलं गेलं. तडजोड झाली 1994 च्या सुरुवातीला. अठरा हजार फायलींपैकी तीन काढायच्या, आणि सत्तरेक फायलींवर कॉपीराइटची एक ओळ घालायची. एवढ्यासाठी दोन वर्षं! ज्या कोडवर दावा चालू आहे त्यावर घाम कोण गाळणार? त्या काळात लिनक्सकडे माणसं जमली. 1993 मध्येच स्लॅकवेअर आलं, डेबियनही आलं: कर्नल आणि बाकीचे प्रोग्रॅम एकत्र बांधलेले लिनक्सचे तयार संच.

फरक लायसन्सचाही होता. लिनक्सचं लायसन्स म्हणतं, कोड घ्या, बदला, पण बदललेलं पुढे वाटणार असाल तर कोडसकट आणि याच अटींवर वाटा. बीएसडीचं म्हणतं, घ्या आणि जा. सोनीने प्लेस्टेशन 4 साठी फ्रीबीएसडी घेतली. आणि गेली.

[निळा पडदा, करड्या चौकटी. जुन्या मशीनवर डेबियन 3.0]

हे मुद्दाम सावकाश दाखवतोय. डेबियन 3.0, जुलै 2002. माऊस बाजूला ठेवा, त्याचा इथे उपयोग नाही. आधी हार्ड डिस्कचं पार्टिशन, म्हणजे तिचे भाग पाडणं. स्वॅप (मेमरीला जोड म्हणून राखीव जागा) किती ठेवायचं, रूट (मुख्य सिस्टिमची जागा) कुठे बसवायचं, हे तुम्हीच ठरवायचं. चुकीच्या ओळीवर एंटर दाबलात की विंडोज गेलं, आणि त्यातले लग्नाचे फोटोही गेले. मग नेटवर्क कार्डाचं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, निवडा. मग पॅकेजेस, म्हणजे हवे ते प्रोग्रॅम. ही यादी बघा, खाली खाली जातच राहते. आणि आता हा प्रश्न: मॉनिटरची आडवी आणि उभी फ्रीक्वेन्सी किती? उत्तर मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेत असतं, आणि ती पुस्तिका रद्दीत. इतकं करून डेस्कटॉप आलाच, तर इंटरनेट नाही. आपल्याकडे सर्रास मिळणारे स्वस्तातले इंटर्नल मोडेम विंडोजच्या भरवशावर चालायचे, त्यांना लिनक्सचा ड्रायव्हर मिळणं कठीण. डेबियनची पुढची आवृत्ती आली थेट जून 2005 मध्ये.

डेबियनवाले चुकत होते असं नाही. तयार झाल्याशिवाय सोडायचं नाही, हा त्यांचा बाणा, आणि सर्व्हर चालवणारे आजही त्याच बाण्याला मानतात. पण घरचा पीसी वापरणाऱ्याला तीन वर्षं थांबायची सवय नसते.

[पाकीट उघडणारे हात, पुठ्ठ्याच्या कव्हरमधल्या सीडी]

हे उबंटू, लिनक्सचाच आणखी एक संच. मार्क शटलवर्थ दक्षिण आफ्रिकेचा. आपली थॉट ही कंपनी त्याने 1999 मध्ये व्हेरिसाइनला विकली, 2002 मध्ये स्वखर्चाने अंतराळात जाऊन आला, आणि उरलेल्या पैशांतून डेबियनवर काम करणारी काही माणसं पगारावर घेतली. 20 ऑक्टोबर 2004 ला पहिली आवृत्ती आली: 4.10, म्हणजे 2004 चा दहावा महिना. पुढची जवळपास सहा महिन्यांनी. आत बहुतेक डेबियनच होतं, इन्स्टॉलरसुद्धा डेबियननेच नव्याने लिहिलेला. पण एका कामाला एकच प्रोग्रॅम निवडून दिलेला, आणि सगळं एका सीडीत.

ही सीडी मागवली की घरपोच यायची. टपालखर्चही त्यांचाच. 56 केच्या मोडेमवर साडेसहाशे एमबी उतरवायला, लाइन एकदाही तुटली नाही असं धरलं तरी, सव्वीस तास लागतात; फोनचं बिल वेगळं. म्हणून तर त्याआधी पीसीक्वेस्ट मासिकासोबत येणाऱ्या लिनक्सच्या सीडीवर आपल्याकडे कितीतरी जण शिकले. उबंटूने मासिकही मधून काढलं. ही बघा, एका पाकिटात कितीतरी. एक स्वतःला, बाकीच्या मित्रांना. दुसरी लाइव्ह सीडी आहे, ती घालून नुसतं बघा, हार्ड डिस्कला हात लागत नाही. लग्नाचे फोटो सुरक्षित. सीडी पाठवणं 2011 मध्ये थांबलं, तोवर नाव झालं होतं.

[शाळेची संगणक प्रयोगशाळा, मोबाइल, सर्व्हरची रांग: झपाट्याने]

केरळच्या सरकारी शाळांत लिनक्स शिकवलं जातं, फेडोरा या आणखी एका संचाच्या मराठी मेनूंवर आणि लोहित फॉन्टवर पुण्यात काम झालं, अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे, आणि नोव्हेंबर 2017 पासून जगातले पहिले पाचशे सुपरकॉम्प्युटर सगळे लिनक्सवरच.

[लॅपटॉप, हिरवट डेस्कटॉप]

2011 मध्येच उबंटूने मेनूचा चेहरामोहरा बदलला. बरेच जण वैतागून लिनक्स मिंट या दुसऱ्या संचाकडे गेले. हे मिंट. या लॅपटॉपला विंडोज 11 चालत नाही, आणि विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. मिंटच का, असं मालकीणबाईंना विचारलं. त्यांनी कुठली तुलना केली नव्हती, यादी वाचली नव्हती. अडलं की ज्या भाच्याला फोन करायचा, तो मिंट वापरतो.