रिकाम्या कपाचा आवाज

(हेडफोनचा पॅड निघतो. आतला ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, जवळून.)

फॉस्टेक्सचा टी५०आरपी एमके३. प्लॅनर मॅग्नेटिक, म्हणजे चुंबकांमध्ये सपाट पडदा हलवून आवाज काढणाऱ्या जातीचा हा हेडफोन उघडून सुधारणाऱ्यांचा जुना लाडका. ड्रायव्हर उत्तम, त्यामागचा कानावरचा कप मात्र नुसतं पोकळ प्लास्टिक. शिवाय सगळं स्क्रूवर. सुधारणेसाठी हेडफोन निवडताना आधी हेच बघायचं. गोंदाने चिकटवलेला उघडताना तुटू शकतो.

पॅडखालचे चार स्क्रू काढताना हात सावकाश. चुंबक स्क्रूड्रायव्हरचं लोखंडी टोक खेचून घेतात, आणि ते पडद्यात घुसलं की ड्रायव्हर गेला. पडदा म्हणजे पातळ फिल्म, तिच्यावर धातूची नागमोडी वाट. तो पुढे आवाज फेकतो तसाच मागेही. मागचा आवाज कपावर आपटून परततो आणि गाणं गढूळ करतो. खरा दोष इथे आहे, केबलमध्ये नाही. महागड्या केबलचे पैसे पॅडवर घाला.

(क्लेचा गोळा, वजनकाटा, अंगठा.)

त्यावर उपाय म्हणून कपाच्या आत ही कडक न होणारी मॉडेलिंग क्ले. दोन्ही कपांसाठी वजन सारखं, काट्यावर मोजून. दोन-तीन मिलिमीटरचा थर, खाली हवा राहणार नाही असा दाबून. कपाच्या काठावर चढू द्यायची नाही. ड्रायव्हर असलेलं झाकण नीट बसलं नाही तर फटीतून बेस गळतो. वर पिंजलेला कापूस, सैलच. ठासून भरला की आवाज बद्द होतो. ड्रायव्हरच्या पाठीवरचा पांढरा थर सोलू नका, पडद्याला आवर घालायला तो मुद्दाम चिकटवलेला असतो.

कपाला मुळातच असलेल्या फटींवर आतून टेप, थोडी थोडी. दर वेळी बंद करून ऐकायचं.

(नवा, खोल पॅड बसतो.)

पॅड बदलला की कान ड्रायव्हरपासून लांब जातो आणि ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, तेही बदलतात. चष्म्याच्या काडीने पॅडखाली फट पडली तर बेस संपलाच.

वजन वाढतं, वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. रोध ५० ओहमच, पण संवेदनशीलता कमी, म्हणजे तेवढ्याच ताकदीत आवाज कमी, म्हणून फोन अपुरा पडतो, अॅम्प (अॅम्प्लिफायर) लागतो.

(स्वीप सुरू.)

आधी मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सारखंच वाजणारं गाणं: गायक मधोमध हवा. एका बाजूला सरकला तर क्ले, कापूस, टेप पुन्हा ताडून बघा. मग स्वीप, म्हणजे २० ते २०० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा एक सूर, हळू आवाजात. खरखर आली तर बहुतेक पडद्याला केस किंवा कापसाचा तंतू लागलाय. तो काढायचा प्लास्टिकच्या चिमट्याने.