जाड पेन सगळ्यांनाच सोसत नाही

नमस्कार! हा काळा फोम ओळखलात? एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात ना, तोच. एसी दुरुस्तीवाल्याकडे तुकडा मागा. पेनापेक्षा किंचित लहान भोकाचा घ्या, बोटभर कापा, पेनावर चढवा. लिहायला त्रास होणाऱ्या हातासाठी झाला आधार!

पण कोणासाठी?

संधिवाताने बोटं आखडली असतील तर फारच छान. चिमटीत एक किलोचा जोर लावला, की अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर जवळपास बारा किलोचा भार येतो. पेन जाड आणि मऊ झालं की बोटं कमी मिटावी लागतात, आवळायचा जोरही कमी होतो.

हात थरथरत असेल, तर नुसत्या फोमने भागत नाही. काहींना जड पेन स्थिर वाटतं, काहींचा हात त्यानेच लवकर थकतो. हातात देऊनच बघायचं.

आणि मज्जारज्जूला इजा होऊन बोटांत जोरच उरला नसेल, तर? तिथे तळहाताभोवती पट्टा बांधून त्यात पेन अडकवतात. लिहायचं ते खांद्याच्या आणि कोपराच्या बळावर. काही आधार हाताच्या मापाने थर्मोप्लास्टिकचे घडवतात. हे प्लास्टिक साधारण 60 ते 75 अंशांच्या पाण्यात मऊ होतं. हे मात्र घरी नको, ऑक्युपेशनल थेरपिस्टकडेच (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाकडेच) जा. आधार काढल्यावर उठलेला लाल वळ 20 मिनिटांनीही गेला नाही, तर तिथे दाब जास्त पडतोय. मधुमेहाने बधीर झालेल्या हाताला ते जाणवत नाही, म्हणून रोज डोळ्यांनी तपासायचं.

एक गोष्ट मला खटकते. लोक महागडी ग्रिप आणतात आणि आत पेन तेच, दाबून लिहायचं! बॉलपेनची शाई दाट, जोर लावावाच लागतो. आधी जेल पेन देऊन बघा हो. कधीकधी तेवढ्यानेच निम्मं काम होतं.

फोम टोकापासून थोडा वर ठेवा. टोक दिसलं नाही, तर माणूस मान वाकडी करून लिहितो.

आता चाचणी. सही करायला लावू नका, ती सवयीने होऊन जाते. अख्खं पान लिहू द्या. पहिल्या ओळी सगळ्यांच्याच बऱ्या येतात. खरं काय ते पान अर्धं झाल्यावर कळतं. नखं पांढरी पडतायत? अंगठा तर्जनीवर चढतोय? मनगट आत वळतंय? मग विचारा, कुठे रुततंय, कुठे निसटतंय. त्याप्रमाणे फोम कापा, नाहीतर वर आणखी एक थर चढवा. स्वस्त आहे, बिनधास्त कापा.