धोका निघाला, निरोप निघाला का?

नमस्कार श्रोतेहो.

आपलं नागपूर देशाच्या अगदी मध्यावर. समुद्र दूर, हिमालय त्याहून दूर, आणि शेजारी देशांच्या सीमा तर शेकडो किलोमीटर पलीकडे. त्यामुळे नेपाळात भूकंप झाला, तिबेटात दरड कोसळली, पाकिस्तानात पूर आला, की आपण बातमी ऐकतो, हळहळतो आणि कामाला लागतो. शेजारच्या देशातली आपत्ती आपल्या शिवारापर्यंत येऊ शकते, हे मनात येत नाही. पण ती आलेली आहे, आणि फार जुनी गोष्ट नाही. काटोल, पारशिवनी, वरुड, मोर्शीकडच्या श्रोत्यांना २०२० चा मे महिना आठवत असेल.

लॉकडाऊनचे दिवस होते. नागपुरात पारा ४७ अंशांपर्यंत गेला होता. संत्र्याच्या बागांत आंबिया बहाराची फळं लिंबाएवढी झाली होती, काही बागा मृग बहारासाठी ताणावर, म्हणजे पाणी तोडून, सोडलेल्या होत्या. अशा वेळी मध्य प्रदेशातून अमरावती जिल्ह्यात आणि तिथून वर्धा, नागपूर जिल्ह्यांत टोळधाड उतरली. बोटाएवढे, गुलाबी झाक असलेले टोळ. झाडावर बसले की फांदी दिसेनाशी व्हायची. लोकांनी ताटं बडवली, डबे वाजवले, काडीकचरा पेटवून धूर केला. थवा उठायचा आणि पुढच्या शिवारात जाऊन बसायचा. टोळ रात्री उडत नाहीत, म्हणून कृषी विभागाची माणसं दिवसभर थव्याच्या मागावर राहायची आणि अंधार पडल्यावर फवारणी करायची. अग्निशमन दलाचे बंबसुद्धा या कामाला जुंपले गेले. मग थवे भंडाऱ्याकडे सरकले.

हे टोळ निघाले होते कुठून? २०१८ साली अरबस्तानच्या दक्षिणेला मेकुनू आणि लुबान अशी दोन चक्रीवादळं धडकली. एक मे महिन्यात, दुसरं ऑक्टोबरात. जिथे वर्षानुवर्षं पावसाचा थेंब पडत नाही त्या वाळवंटात तळी साचली, हिरवळ उगवली. टोळाची मादी ओल्या वाळूत अंडी घालते. तिला याहून चांगली जागा कुठली मिळणार? त्या निर्मनुष्य प्रदेशात एकापाठोपाठ एक पिढ्या वाढल्या आणि कुणाला पत्ता लागला नाही. लागला तोवर थवे बाहेर पडले होते. एक वाट येमेनमार्गे पूर्व आफ्रिकेकडे गेली, दुसरी इराणमार्गे पाकिस्तानात. वाऱ्याची साथ मिळाली तर थवा दिवसाला दीडशे किलोमीटरपर्यंत जातो, आणि एक चौरस किलोमीटरचा थवा एका दिवसात सुमारे ३५ हजार माणसांच्या अन्नाइतकं हिरवं खातो. पाकिस्तानने २०२० च्या सुरुवातीलाच टोळांमुळे राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. एरवी टोळ राजस्थानात पावसाळ्याच्या तोंडावर येतात. त्या वर्षी एप्रिलमध्येच आले. मे महिन्यात तिथे खायला हिरवं काही नव्हतं, म्हणून ते मजल दरमजल करत पूर्वेला आले. ओमानच्या वाळवंटात पडलेला पाऊस असा दोन वर्षांनी विदर्भाच्या बागेत पोचला.

याच टोळांच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि ती बातम्यांत क्वचितच येते. भारत आणि पाकिस्तानचे टोळ-नियंत्रण अधिकारी १९७७ पासून हंगामात सीमेवर भेटत आले आहेत. आपल्या बाजूला राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यातलं मुनाबाव, त्यांच्या बाजूला सिंधमधलं खोखरापार. कुठल्या भागात पिल्लं दिसली, थवे कुठे वळले, फवारणी कुठे झाली, एवढाच विषय. २०२० मध्ये कोरोनामुळे बसता येईना, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेमार्फत अफगाणिस्तान, इराण, पाकिस्तान आणि भारत या चौघांचे तंत्रज्ञ ऑनलाइन बोलत राहिले. आपण तर इराणला फवारणीसाठी मॅलेथिऑन हे कीटकनाशकही पाठवलं, कारण तिथे मारलेला टोळ इथे येत नाही. राजकारण्यांचं एकमेकांशी पटो न पटो, हा निरोप चालू राहिला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

कारण निरोप नसला तर काय होतं, याचाही अनुभव आपल्या देशाने घेतला आहे. २००० सालच्या ऑगस्टच्या सुरुवातीला, मध्यरात्री, सतलजला तिबेटच्या बाजूने अचानक पूर आला. हिमाचलच्या किन्नौर भागात शंभराहून अधिक माणसं गेली. वर काय घडलं, हे खाली कुणालाच माहीत नव्हतं. चारच वर्षांनी, २००४ मध्ये, तिबेटात पारेछू नावाच्या नदीवर दरड कोसळली आणि पाणी तुंबून मोठं तळं झालं. ही नदी स्पितीला मिळते आणि स्पिती सतलजला. या वेळी चीनने कळवलं. आपल्या शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या चित्रांवरून तळ्याची वाढ रोज पाहिली, काठावरची गावं सावध केली. तळं फुटलं पुढच्या वर्षी, २६ जून २००५ ला. पूल गेले, रस्ते गेले. माणसं वाचली, कारण ती काठावर नव्हती.

कोसीची कथा मात्र याहून गुंतागुंतीची आहे आणि मला ती जास्त अस्वस्थ करते. कोसी नेपाळातून बिहारमध्ये येते. १९५४ च्या कराराप्रमाणे तिच्यावरचा बराज, म्हणजे दरवाजांचा बंधारा, नेपाळच्या हद्दीत बांधला गेला, पण त्याची आणि तिथल्या बांधांची देखभाल भारताकडे. म्हणजे माती एका देशाची, फावडं दुसऱ्या देशाचं. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधल्या कुसहा इथे पूर्वेकडचा बांध फुटला. नदीला त्या दिवशी फार मोठा पूरही नव्हता. पाणी होतं दीड लाख क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला दीड लाख घनफुटांच्या, आत, आणि बांध बांधला होता नऊ लाखांहून अधिक क्युसेकसाठी. बांध वाचवण्यासाठी नदीत काढलेले दगडी स्पर काही दिवस आधीपासून ढासळत होते. बांध फुटल्यावर नदी आपल्या जुन्या पात्रात घुसली, शंभराहून अधिक किलोमीटर पूर्वेला. सुपौल, मधेपुरा, सहरसा, अररिया, पूर्णिया. तीस लाखांवर लोकांना झळ बसली. यातली कित्येक गावं अशी की बांध झाल्यापासून त्यांनी कोसीचा पूर पाहिलेलाच नव्हता. नावा नव्हत्या, उंच घरं नव्हती, पळायचं कुठे तेही ठाऊक नव्हतं. इथे दोन देशांमध्ये करार होता, अधिकारी होते, कागद होते. तरी सुपौलच्या बाईला घरात पाणी शिरल्यावरच कळलं.

तंत्रज्ञानाच्या अपघातांचंही तसंच. २६ एप्रिल १९८६ ला सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. जगाला ते कळलं दोन दिवसांनी, तेही हजार किलोमीटरपलीकडच्या स्वीडनमध्ये. तिथल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रातल्या एका कामगाराच्या बुटांना किरणोत्सारी धूळ लागलेली निघाली आणि तपासणी यंत्राने इशारा दिला. त्यांना वाटलं आपल्याच केंद्रात गळती झाली. मॉस्कोने अपघात मान्य केला तो त्या दिवशी संध्याकाळी. त्यानंतर पाच महिन्यांतच, असा अपघात झाला तर शेजाऱ्यांना तातडीने कळवण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात आहे, पाकिस्तानही आहे. याशिवाय हे दोन देश दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. १९९२ पासून एकही वर्ष चुकलेलं नाही.

आता आपल्या गावाकडे येते. श्रोतेहो, आपत्तीशी लढायला माणसं शिकवणारं शहर म्हणून नागपूरची ओळख देशभर आहे. आपल्यालाच ती कमी ठाऊक असते. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय इथे, एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, प्रबोधिनी इथे; पूर्वीचं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय तिच्यातच विलीन झालं. सेमिनरी हिल्सवर पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय आहे. ४ ऑगस्ट २०२० ला लेबनॉनमध्ये बेरूतच्या बंदरात २७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, तेव्हा आपल्याकडे चेन्नईजवळ जप्त करून ठेवलेल्या सुमारे ७०० टनांच्या साठ्याची आठवण झाली आणि तो तातडीने हलवला गेला. या रसायनाचे परवाने आपल्याकडे पेसो देते. बेरूतमध्ये हा साठा धोकादायक आहे अशी पत्रं सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षं लिहिली होती. निरोप पोचला होता, त्यावर हालचाल कुणी केली नाही.

आपल्याला देशाची सीमा लांब, पण राज्याची सीमा पेंचच्या जंगलातच आहे. त्याच २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला. तिकडची धरणं भरली, पाणी सोडलं गेलं. पेंच, कन्हान, वैनगंगा फुगल्या. पारशिवनी, कामठी, मौद्याकडची गावं, भंडारा शहर आणि पुढे ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत पाणीच पाणी झालं. पुरेसा वेळ आधी कळलं नाही, ही तक्रार तेव्हा गावोगावी ऐकू आली. आणि तेच पाणी पुढे प्राणहितेतून गोदावरीला, तेलंगणात. म्हणजे आपणही कुणाच्या तरी वर राहतो.

देश म्हणूनही तसंच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्रिपुरात आणि बांगलादेशात एकाच वेळी पूर आला. गोमती नदीच्या पातळीचे आकडे आपण ढाक्याला पाठवत होतो. २१ तारखेला संध्याकाळी पुरामुळे वीज गेली आणि संपर्कात अडथळा आला. नेमकी गरज होती तेव्हाच. त्यावरून दोन देशांत किती कटुता आली, ते आपण पाहिलं. याउलट २०२५ च्या ऑगस्टमध्ये सिंधू पाणीवाटप करार स्थगित असतानाही भारताने जम्मूतून पाकिस्तानात जाणाऱ्या तवी नदीच्या पुराचा इशारा उच्चायुक्तालयामार्फत पाकिस्तानला दिला. मला त्याचा अभिमान वाटला. नदीकाठच्या लेकराने कुठला करार मोडलेला नसतो.

माझं म्हणणं साधं आहे. निरोप दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून नागपूरला, कलेक्टर कचेरीतून तहसीलला येतो. तिथून पुढचा टप्पा सगळ्यांत कच्चा. 'अमुक धरणातून इतके क्युसेक सोडणार' हे ऐकून कन्हानच्या काठावरच्या शेतकऱ्याने काय समजायचं? त्याला सांगायला हवं की पाणी पुलाच्या कितव्या खांबापर्यंत येईल, देवळाच्या पायऱ्या बुडतील का, आणि किती वाजता. या खुणा गावाला माहीत असतात, अभियंत्यांना आकडे माहीत असतात. दोघांनी पावसाळ्याआधी एकदा नदीवर उभं राहून त्या जुळवल्या पाहिजेत. वीज गेली, टॉवर बंद पडला तरी चालेल असा सेलवरचा रेडिओ घरात ठेवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

आणि येत्या १ मे च्या ग्रामसभेत एक प्रश्न नक्की विचारा: रात्री दोन वाजता इशारा आला, तर आपल्या गावात तो कुणाच्या फोनवर येणार आणि तो माणूस आधी कुणाचं दार वाजवणार? नाव ठरेपर्यंत सभेतून उठू नका.

नमस्कार.