डेटा फुटला, भरणार कोण?

[दृश्य: पॅथॉलॉजी लॅबचा काउंटर. संगणकावर रुग्णाची माहिती भरली जातेय.]

निवेदन:
समजा, एका लॅबचे सगळे रिपोर्ट क्लाउडवरच्या फोल्डरमध्ये साठतात. नाव, मोबाइल नंबर, वय, एचआयव्ही चाचणीचा निकाल. सॉफ्टवेअरवाल्या कंपनीने चाचणीपुरतं ते फोल्डर खुलं केलं आणि बंद करायचं राहून गेलं. आता लिंक हाती लागली की पासवर्डही लागत नाही.

लॅबमालक व्हेंडरकडे, म्हणजे त्या सॉफ्टवेअर कंपनीकडे, बोट दाखवणार, हे ठरलेलंच. पण डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ ती सबब चालवून घेत नाही. व्हेंडरशी करार काहीही असो, मे २०२७ पासून लागू होणाऱ्या कलम ८ प्रमाणे जबाबदारी लॅबचीच. करारात भरपाईची अट घातली असेल तर पैसे नंतर व्हेंडरकडून वसूल करता येतील. या कायद्याखाली चौकशी करून दंड ठोठावणाऱ्या डेटा संरक्षण मंडळासमोर मात्र लॅबलाच उभं राहावं लागेल.

[दृश्य: सर्व्हर रूम. लॉगच्या ओळी सरकताहेत.]

घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवायचं, हा एप्रिल २०२२ चा आदेश आजही लागू आहे. मे २०२७ पासून नव्या कायद्यामुळे त्यात भर पडेल: मंडळाला आणि प्रत्येक बाधित व्यक्तीला विनाविलंब सूचना, आणि ७२ तासांत मंडळाला सविस्तर अहवाल. गळती किरकोळ होती म्हणून सूट नाही. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडकवणाऱ्या व्हायरसने, फाइली नुसत्या कुलूपबंद झाल्या, बाहेर काहीच गेलं नाही, तरी तो भंगच.

घोळ होतो तो इथेच. घाबरलेला आयटीवाला आधी सर्व्हर फॉरमॅट करतो आणि लॉग, म्हणजे सर्व्हरवर कोणी कधी काय केलं याच्या नोंदी, पुसले जातात. मग कोणाची माहिती गेली, कधीपासून जात होती, हे सांगायचं कशाच्या आधारावर? या कायद्याच्या नव्या नियमांत लॉग किमान वर्षभर जपायला सांगितलंय ते उगाच नाही.

मे २०२७ पासून सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत, कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. ही कमाल मर्यादा. गांभीर्य, कालावधी आणि नुकसान आवरायला काय केलं, हे पाहून आकडा ठरतो.

[दृश्य: मंत्रालयाची इमारत.]

आणि ज्याचा रिपोर्ट फुटला, त्याला काय? या दंडातला एक रुपयाही नाही. तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. भरपाईची वाट आहे ती जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम ४३अ मध्ये, आणि मे २०२७ मध्ये तेच कलम वगळलं जाणार आहे. आमच्या मते नव्या कायद्याची ही सगळ्यात लंगडी बाजू.

तोवर ५ कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या आयटी सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, करता येतो. २०१३ मध्ये पुण्याच्या एका व्यवसायाचे ८० लाख १० हजार रुपये फिशिंगमधून गेले, तेव्हा इथूनच बँकेला ४५ लाख द्यायचा आदेश निघाला. पूर्ण रक्कम मिळाली नाही, कारण फसव्या मेलला उत्तर तक्रारदारानेच दिलं होतं. कलम ४३अ खाली नुसती गळती दाखवून भागत नाही. कंपनीचा निष्काळजीपणा आणि त्यातून झालेलं नुकसान, दोन्ही कागदावर मांडावं लागतं.