शेवटचं गाणं संपल्यावर: रॉक बँडच्या टूरवरची रात्र

नमस्कार मंडळी!

शो नुकताच संपलाय असं समजा. ड्रमरने काठ्या गर्दीत भिरकावल्या, सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून वाकले, हॉलचे दिवे लागले. कानात अजून घुमतंय आणि आपण रेटारेटीत दाराकडे सरकतोय. पुढच्या वेळी त्या क्षणी एकदा मागे वळून बघा. काळ्या कपड्यांतली वीस-पंचवीस माणसं स्टेजवर आलेली दिसतील, आणि ज्या स्टेजपुढे आपण दोन तास उड्या मारल्या ते आपल्या डोळ्यांदेखत सुटं व्हायला लागलेलं असेल.

आजचा व्हिडिओ त्या माणसांपासून सुरू होतो. टूर म्हटलं की आपल्याला ते दोन तास आठवतात. मला उरलेल्या बावीस तासांबद्दल बोलायचंय, आणि त्यातही रात्रीबद्दल. कारण टूरवर खरी कसोटी लागते ती रात्री, एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला जाताना.

(पडद्यावर: रिकामं होत चाललेलं स्टेज)

या आवराआवरीला म्हणतात लोड-आऊट. सकाळपासून दुपारपर्यंत जे उभं केलं ते दोन-तीन तासांत ट्रकमध्ये जातं. आणि ते वाटेल तसं कोंबलेलं नसतं, त्याला पक्का क्रम असतो. सकाळी सगळ्यात आधी रिगर लोक छताला साखळ्या आणि वजन वर ओढणाऱ्या विजेच्या मोटारी टांगतात, मग दिवे वर जातात, मग स्पीकर, आणि स्टेज तयार झालं की शेवटी वाद्यं. रात्री हाच क्रम उलटा. वाद्यं आधी उतरतात, ट्रकच्या अगदी आत जातात. मोटारी शेवटी खाली येतात, म्हणून ट्रकच्या दाराशी राहतात, आणि उद्या सकाळी दार उघडल्याबरोबर हाताशी लागतात. पेट्यांची मापंसुद्धा ट्रकच्या रुंदीचा हिशेब करून ठरवलेली असतात. दोन किंवा तीन शेजारी शेजारी ठेवल्या की कडेला बोटभर फट उरायला नको, नाहीतर रात्रभर वळणावळणाला त्या एकमेकींवर आदळत राहणार.

या सगळ्या पसाऱ्यात माझी सगळ्यात आवडती वस्तू एक साधा गालिचा आहे.

ड्रमखाली एक गालिचा असतो. जवळून बघितलात तर त्यावर रंगीत चिकटपट्टीचे बारके बारके तुकडे दिसतील. झांजेच्या स्टँडचे तीन पाय कुठे टेकायचे, पेडल कुठे, स्टूल कुठे, सगळ्याच्या खुणा. ड्रमरचा हात न बघता झांजेवर जातो. ती झांज दोन इंच इकडेतिकडे झाली तरी हात चुकतो, आणि रोज चुकला तर खांदा दुखावतो. म्हणून ड्रम टेक्निशियन रोज तोच गालिचा अंथरतो आणि प्रत्येक पाय त्याच्या खुणेवर आणून ठेवतो. गाव रोज बदलतं, हॉल रोज बदलतो, पण ड्रमरच्या पायाखालची ती सहा-सात फूट जमीन मात्र तीच राहते. लोड-आऊटला हा गालिचा गुंडाळला जातो, आणि मग सगळे बसमध्ये.

मोठ्या टूरची बस म्हणजे झोपायची बस. पुढे आणि मागे बसायची जागा, मध्ये दोन्ही बाजूंना एकावर एक तीन अशी झोपायची खणं. त्याला बंक म्हणतात. साधारण बारा माणसं झोपतात. आत उठून बसता येत नाही इतकी कमी उंची, एक पडदा, उशाशी एक छोटा दिवा, हवेची एक जाळी. महिनोन्महिने माणसाची स्वतःची म्हणावी अशी जागा एवढीच. त्यामुळे बसचे नियम फार मनापासून पाळले जातात. पडदा ओढलेला असेल तर त्या माणसाला हाक मारायची नाही. बूट वाटेत काढायचे नाहीत. बसमधला संडास फक्त लघवीसाठी, बाकी कामासाठी बस थांबेपर्यंत दम धरायचा.

आणि एक नियम नव्या माणसाला पहिल्याच रात्री सांगितला जातो: झोपताना पाय ड्रायव्हरच्या दिशेला, डोकं मागे. ड्रायव्हरने जोरात ब्रेक लावला की अंग पुढे घसरतं. पाय पुढे असतील तर तळवे फळीवर आपटतील, घोटा मुरगळेल. डोकं पुढे असेल तर सगळ्या अंगाचा भार मानेवर येईल. झोपलेल्या माणसाला सावरायला एक क्षणही मिळत नाही.

(थोडं थांबून)

हे मी इतकं बारकाईने का सांगतोय? कारण रॉकच्या इतिहासातली काही माणसं अशाच प्रवासात गेली.

जानेवारी १९५९. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात ऐन थंडीत रॉक गायक बडी हॉलीची टूर निघाली. २४ दिवसांत २४ गावं. मार्ग असा आखलेला की आज ज्या बाजूला गेलो, उद्या त्याच बाजूने शेकडो मैल परत. बस वारंवार बंद पडायची, तिचा हीटर चालेना. शून्याच्या कितीतरी खाली गेलेल्या थंडीत ड्रमर कार्ल बंचचे पाय हिमदंशाने असे झाले की त्याला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. २ फेब्रुवारीला आयोवातल्या क्लिअर लेकचा शो झाला, आणि हॉलीने पुढच्या गावाला जायला छोटं विमान ठरवलं. थोडी झोप मिळावी, कपडे धुवून घ्यावेत, एवढीच त्यामागची इच्छा. टूरवरचाच दुसरा गायक रिची व्हॅलेन्सला त्या विमानातली जागा नाणं उडवून मिळाली. बिग बॉपर म्हणून ओळखला जाणारा गायक जे. पी. रिचर्डसन फ्लूने आजारी होता, त्याला हॉलीचा बास गिटारवादक वेलन जेनिंग्सने आपली जागा दिली. मध्यरात्रीनंतर विमान उडालं आणि काही मैलांवर कोसळलं. तिघे आणि पायलट, कोणीच वाचलं नाही. हॉली २२ वर्षांचा होता, व्हॅलेन्स १७ वर्षांचा. त्याच रात्री पुढच्या गावचा शो झाला. उरलेली टूरही रद्द झाली नाही.

या अपघाताबद्दल लोक नेहमी विमानाबद्दल बोलतात. मला मात्र त्या बसबद्दल बोलावंसं वाटतं. बसमध्ये ऊब असती, मार्ग माणसाला झेपेल असा आखला असता, तर त्या रात्री विमान ठरवायची वेळच आली नसती.

१९७७ च्या ऑक्टोबरात लिनर्ड स्किनर्ड बँडच्या विमानाचं हवेतच इंधन संपलं आणि ते मिसिसिपीतल्या जंगलात पडलं. गायक रॉनी व्हॅन झँटसह सहा जण गेले. आणि १९८६ मधली मेटॅलिकाची गोष्ट तर तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. स्टॉकहोमचा शो करून बँड रात्रीच कोपनहेगनकडे निघाला होता. कोणी कुठल्या बंकमध्ये झोपायचं यासाठी पत्ते काढले. बास गिटारवादक क्लिफ बर्टनला इस्पिकचा एक्का आला आणि त्याने गिटारवादक कर्क हॅमेटची जागा मागून घेतली. २७ सप्टेंबरच्या पहाटे स्वीडनमध्ये बस रस्ता सोडून उलटली. क्लिफ खिडकीतून बाहेर फेकला गेला. त्याचं वय होतं २४.

मी हा प्रसंग किती वेळा वाचला असेल, पण त्या पत्त्यांपाशी येऊन दरवेळी थांबतो.

आज मोठ्या टूरवर ड्रायव्हरच्या झोपेचा हिशेब काटेकोर ठेवला जातो. युरोपियन युनियनमध्ये नियम असा की बस किंवा ट्रकच्या ड्रायव्हरने दिवसाला ९ तास चालवायचं, आठवड्यातून दोनदा फार तर १० तास. साडेचार तास झाले की ४५ मिनिटांची विश्रांती. गाडीतलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र हे सगळं नोंदवतं. अंतर जास्त असेल तर दुसरा ड्रायव्हर घ्यावा लागतो. म्हणून चांगला टूर मॅनेजर तारखा ठरवताना आधी नकाशा उघडतो. बँड थकला तर एखादं गाणं कमी वाजवेल. थकलेल्या ड्रायव्हरला तशी सोय नाही.

काही बँडनी तर रात्र पुरत नाही म्हणून पसाराच दुप्पट-तिप्पट केला. ग्रेटफुल डेडने १९७४ मध्ये ‘वॉल ऑफ साऊंड’ उभी केली, सुमारे ७५ टनांची स्पीकरची भिंत. एका रात्रीत ती मोडून पुढच्या गावी मांडणं अशक्यच. म्हणून त्यांनी स्टेजचे दोन सांगाडे ठेवले. एकावर शो चालू असताना दुसरा पुढच्या गावी उभा राहायचा. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात बँडने टूर थांबवल्या. तो खर्च आणि ते कष्ट कोणाला झेपणारे नव्हते. यूटूने २००९ ते २०११ च्या टूरला हीच युक्ती आणखी पुढे नेली. चार पायांचा तो प्रचंड लोखंडी सांगाडा त्यांनी तीन नगांत बनवून घेतला. एका स्टेडियममध्ये शो, दुसऱ्यात उभारणी, तिसरा वाटेवर. अशा ११० मैफली झाल्या.

आता दिवसाचं थोडक्यात सांगतो. सकाळी पडदा सरकवला की आपण कुठल्या गावात आहोत ते कळत नाही. ते कळतं बसच्या दाराला लावलेल्या कागदावरून, डे शीटवरून. गावाचं नाव, अंघोळीची सोय कुठे, जेवण किती वाजता, साऊंडचेक, म्हणजे शोआधीची आवाजाची तपासणी, किती वाजता, दारं कधी उघडणार, रात्री बस कधी सुटणार. काही जण सेटलिस्टच्या, म्हणजे स्टेजवरच्या गाण्यांच्या यादीच्या, तळाशीही गावाचं नाव ठळक लिहितात, म्हणजे गायकाच्या तोंडून कालच्या गावाचं नाव निघत नाही.

साऊंडचेकची एक गंमत आहे. रिकाम्या हॉलमध्ये आवाज भिंतींवरून उसळत राहतो. संध्याकाळी हजारो माणसं आत आली की त्यांची अंगं आणि कपडे तो आवाज शोषून घेतात, विशेषतः वरच्या पट्टीतला. म्हणजे दुपारी जो आवाज लावला तो रात्री तसा राहतच नाही. पहिलं गाणं चालू असताना साऊंड इंजिनिअरचे हात कसे पळत असतात, ते एकदा बघाच. आणि बँडला स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून वेगळा इंजिनिअर असतो. ही सोय बीटल्सना नव्हती. चाहत्यांच्या किंकाळ्यांत त्यांना आपलंच गाणं ऐकू यायचं नाही. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी टूरवरचा शेवटचा शो केला आणि टूर कायमच्या बंद केल्या.

व्हॅन हेलनच्या चॉकलेटच्या गोळ्यांचा किस्साही खरं तर याच कामाचा आहे. एम अँड एमच्या वाडग्यातून तपकिरी गोळ्या वेचून काढा, असं त्यांच्या करारात लिहिलेलं असायचं. लोकांना वाटलं, नखरे आहेत. बँडचा गायक डेव्हिड ली रॉथने पुढे कारण सांगितलं: त्यांचा सेट फार जड होता, आणि जमीन किती वजन पेलणार, वीज किती लागणार हे सगळं त्याच करारात होतं. वाडग्यात तपकिरी गोळी दिसली की समजायचं, आयोजकाने करार नीट वाचलेला नाही, आता सगळं पुन्हा तपासा. छताला टनावारी लोखंड टांगून त्याखाली माणसं उभी करायची असतील, तर ही काळजी मला अगदी रास्त वाटते.

(कॅमेऱ्याच्या जवळ येऊन)

आता ज्यासाठी मी हा व्हिडिओ केला, ते बोलतो.

आतापर्यंत सांगितलं ते मोठ्या बँडचं. बहुतेक बँड मोठे नसतात. त्यांची टूर म्हणजे एक व्हॅन, मागे वाद्यं, पुढे पाच माणसं. त्यांचा ट्रक नाही, बंक नाही, पगारी ड्रायव्हर नाही. स्टेजवर वाजवलं त्यांनीच, टी-शर्ट विकायला टेबलावर उभे राहिले तेच, पेट्या उचलल्या त्यांनीच, आणि मध्यरात्रीनंतर गाडी चालवणार त्यांच्यातलाच एक. शो संपल्यावर अंगात इतकी तरतरी असते की वाटतं, अजून चार तास सहज चालवू. ती तरतरी तास-दोन तासांत ओसरते. आणि पहाटे दोन ते सहा ही वेळ अशी आहे की माणसाचं शरीर आपणहून झोपेकडे ओढलं जातं. शो संपवून निघालेली व्हॅन नेमकी त्याच वेळेला रिकाम्या रस्त्यावर असते.

तुम्ही बँडमध्ये असाल तर माझं ऐका. वाजवलेल्या माणसाने त्या रात्री लांबचं अंतर चालवू नये. गावातच कोणाच्या तरी घरी जमिनीवर पथारी टाका आणि सकाळी निघा. गाडी चालवणारा सोबती असेल, तर त्याच्या शेजारी एकाने जागं राहायचं आणि बोलत राहायचं, बाकीच्यांनी खुशाल झोपायचं. तारीख देताना आयोजक म्हणेल, “सहाशे किलोमीटर काय, रात्रीत पोचाल.” तिथे नाही म्हणा. एक शो गेला तर गेला. आणि तुम्ही श्रोते असाल, तर शो संपल्यावर त्या टेबलावरून एक टी-शर्ट घ्या. छोट्या बँडच्या डिझेलचा आणि एका रात्रीच्या खोलीचा खर्च बऱ्याचदा त्यातूनच निघतो.

(पडद्यावर: पहाट, हॉलचं मागचं दार)

सकाळचे सात. ट्रक मागे घेत घेत हॉलच्या मागच्या दाराला लागतो. दार उघडतं, आधी मोटारींच्या पेट्या उतरतात. बसमध्ये पडदे अजून ओढलेलेच आहेत. दुपारी कधीतरी, सगळं वर टांगून झाल्यावर, ड्रम टेक्निशियन गुंडाळलेला गालिचा खांद्यावर घेऊन स्टेजवर येतो, अंथरतो, हाताने सुरकुत्या काढतो. एका कोपऱ्यातली चिकटपट्टी निघालीये. तो खिशातून रीळ काढतो, दातांनी तुकडा तोडतो, आणि त्याच जागी नवी खूण लावतो.