सेव्हनच्या गल्ल्यावरची माणसं

(बँकॉकमधील आपल्या मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात केलेलं भाषण. वेबसाइटसाठी थोडं संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी.

आज मला सेव्हन-इलेव्हनच्या, म्हणजे आपण नुसतं ‘सेव्हन’ म्हणतो त्या चोवीस तास उघड्या दुकानांच्या, गल्ल्यावर उभ्या असणाऱ्या माणसांबद्दल बोलायचं आहे, आणि इथे राहणारे आम्ही परदेशी गे पुरुष त्यांच्याकडे कसं बघतो, त्याबद्दल. मी गे आहे आणि माझा जोडीदार ईशान्य थायलंडमधल्या रॉय एत प्रांतातला थाई आहे, हे तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. ज्यांना नव्हतं त्यांना आता कळलं. तो इथेच तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि चकल्या त्याला फार आवडल्या आहेत. कार्यकारिणीने हा विषय दिवाळीच्या व्यासपीठावर मांडू दिला, याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

थायलंडमधलं पहिलं सेव्हन 1989 साली जूनमध्ये इथे बँकॉकमध्येच, पटपाँगला उघडलं. आज देशात अशी 15 हजारांहून जास्त दुकानं आहेत. जपान सोडला तर इतकी कुठेच नाहीत. पटपाँगहून सिलोम सॉय 4 चालत काही मिनिटांवर, आणि ती गल्ली म्हणजे या शहरातल्या गे मंडळींचा जुना अड्डा. त्याच सिलोम रस्त्याने सरळ पुढे गेलं की मारिअम्मनचं देऊळ, ज्याला थाई लोक वाट खेक म्हणतात. म्हणजे नवरात्रात देवीला जाणारे तुम्ही आणि शनिवारी रात्री बाहेर पडणारे आम्ही, पाण्याची बाटली एकाच रस्त्यावर घेतो. गल्ल्यावरची माणसंही बऱ्याचदा तीच.

त्या माणसांचं काम तुम्ही रोज बघता. दार उघडलं की घंटी वाजते, हातातलं काम न सोडता ती स्वागताचे शब्द म्हणतात. हॅम-चीजचा टोस्ट गरम करून देतात, कॉफी करतात, विजेचं बिल भरून घेतात, पार्सल घेतात, खरेदीवर मिळणारे स्टॅम्प मोजून देतात, ट्रकमधून आलेला माल फळीवर लावतात, फरशी पुसतात. मधूनच ‘खनोम जीप, सालापाव घेणार का?’ असं, म्हणजे वाफवलेल्या डंपलिंग आणि पावाबद्दल, विचारायचंही असतं. आठ तासांची ड्युटी, आणि त्यातला बहुतेक वेळ उभ्याने. बँकॉकमध्ये 1 जुलै 2025 पासून किमान मजुरी दिवसाला 400 बाट आहे. सॉय 4 मध्ये दोन पेयं घेतली की तेवढे सहज उडतात. पुढचं सगळं ऐकताना हा हिशेब मनात असू द्या.

आता आमच्याबद्दल. इथे नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येक गे माणसाकडे सेव्हनची एक तरी आठवण असते. माझा एक मित्र सोलापूरचा. पुण्यात तो आणि त्याचा जोडीदार ‘रूममेट’ म्हणून राहायचे. किराणा एका दुकानातून, औषधं दुसऱ्या पेठेतून, आणि कंडोम घ्यायचे तर गावाबाहेर, जिथे कोणी ओळखणार नाही अशा ठिकाणाहून. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात दोघं सोबत सेव्हनमध्ये गेले. दूध, ब्रेड, साबण, आणि गल्ल्याजवळच्या फळीवरून कंडोमचं पाकीट. मुलीने चारही वस्तू सारख्याच वेगाने मशीनखाली धरल्या आणि रक्कम सांगितली. मित्र बाहेर येऊन पायरीवर बसला आणि रडला. त्याला कोणी स्वीकारलं वगैरे काही झालं नव्हतं. कोणी दखलच घेतली नव्हती. ज्यांना आयुष्यभर दखलीची धास्ती होती, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती आम्हाला पहिल्यांदा कुठल्या मोर्च्यात किंवा बारमध्ये मिळत नाही, दुधाच्या पिशवीबरोबर मिळते. त्या मुलीला हे कधी कळणारही नाही. तिचे आभार मानायला हवेत असं मला वाटतं, म्हणून आज मानतो.

दुसरी गोष्ट सांगताना मला राग येतो. आमच्यातल्या काहींना, आणि त्यात आपले भारतीयही आले, गल्ल्यावरच्या देखण्या मुलाचं हसणं म्हणजे आमंत्रण वाटतं. संध्याकाळी चार जण जमले की ‘अमुक सॉयच्या सेव्हनमधला तो’ हा गप्पांचा विषय असतो. कोणी पावतीमागे फोन नंबर लिहून देतो, कोणी शंभराची नोट मुठीत सरकवतो, कोणी न विचारता फोटो काढतो. मी हे पाहिलेलं आहे. माझं म्हणणं साधं आहे: बारमध्ये बसलेल्या माणसाला तुम्ही आवडला नाहीत तर तो उठून जाऊ शकतो. गल्ल्यावरचा मुलगा उठून जाऊ शकत नाही. त्याने हसणं, नम्र राहणं, तुम्हाला आदराने ‘खुन’ म्हणणं हा त्याच्या नोकरीचा भाग आहे, आणि मागे रांगेत पाच माणसं उभी आहेत. त्याचं हसू आपल्यासाठी आहे असं धरून चालणं म्हणजे त्याच्या नाइलाजाचा फायदा घेणं. शिवाय यातली काही मुलं शिकणारी असतात. सेव्हन चालवणाऱ्या कंपनीची पन्यापिवाट नावाची शिक्षणसंस्था आहे. तिथले विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून दुकानात काम करतात. तुमच्या-आमच्या घरातल्या कॉलेजच्या पोरांच्या वयाची मुलं आहेत ती.

याच्या अगदी शेजारी एक कोवळी गोष्ट आहे, ती वेगळी काढून सांगायला हवी. जोमतियन, पट्टाया, चियांग माई इथे एकटे राहणारे वयस्कर गे परदेशी खूप आहेत. काहींचे जोडीदार एड्सच्या काळात गेले, काहींना घरच्यांनी तोडलं. अशा माणसाशी दिवसात एकदा तरी बोलणारी व्यक्ती कधीकधी सेव्हनवाली असते. 3 एप्रिल 2020 ला कोविडची संचारबंदी लागली आणि चोवीस तास उघडी असणारी ही दुकानं रात्री दहा ते पहाटे चार बंद राहू लागली, तेव्हा माझ्या ओळखीचे एक आजोबा फार खचले. रात्री झोप लागली नाही की ते तिथे जाऊन दही घ्यायचे. त्यांना कोणाशीही सलगी करायची नव्हती. दिव्याखाली कोणीतरी जागं आहे, एवढंच पुरायचं.

आता काथोई मुलींबद्दल, म्हणजे जन्माने मुलगा ठरवलेल्या पण मुलगी म्हणून जगणाऱ्यांबद्दल. मागे गणपतीत एका काकूंनी मला विचारलं, ‘अरे, आमच्या खालच्या सेव्हनमध्ये आहे ती मुलगी की मुलगा?’ प्रश्नात कुत्सितपणा नव्हता, कुतूहल होतं. मी म्हटलं, काकू, तिच्या छातीवर नावाची पट्टी आहे, त्या नावाने हाक मारा, ती ओ देईल. काकूंनी तसं केलं. आता ती काकूंना त्यांचं पार्सल आलं की आपणहून सांगते.

आमच्या परदेशी मित्रांची मात्र इथे वेगळीच गफलत होते. लांब केसांची, लिपस्टिक लावलेली काथोई मुलगी गणवेशात गल्ल्यावर बघितली की त्यांना वाटतं, हा देश म्हणजे आमचा स्वर्ग. आल्या आल्या मलाही तसंच वाटायचं. मग मी या घरचा जावई झालो आणि आतून बघायला लागलो.

माझ्या जोडीदाराच्या चुलत बहिणीची मुलगी काथोई आहे. बँकॉकच्या बाहेरच्या भागात एका अशाच दुकानात ती रात्रपाळी करते. कुठल्या कंपनीचं, ते सांगत नाही. तिने शिक्षिकेचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. मुलाखतीला गेली तेव्हा एका शाळेने केस कापून, पँट घालून या म्हणून सांगितलं. दुसरीकडे कागदपत्रं बघितली आणि गप्प बसले. तिच्या ओळखपत्रावर आजही ‘नाय’ म्हणजे ‘श्री’ आहे, आणि ते बदलायची सोय थाई कायद्यात नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये तसं एक विधेयक संसदेत आलं होतं, ते फेटाळलं गेलं. एकवीस वर्षांची झाल्यावर तिला एप्रिलमध्ये लष्करभरतीच्या रांगेतही बसावं लागलं, मुलांच्या मधोमध, उघड्या मैदानात. वर्तमानपत्रं दरवर्षी अशा मुलींचे फोटो छापतात आणि लोक चवीने बघतात. त्या दिवसाबद्दल ती बोलत नाही, आणि आम्ही विचारत नाही.

दुकानात तिला फक्त एकच विचारलं होतं: रात्री काम करशील का?

तेव्हा परदेशी माणूस गल्ल्यावर जे बघतो ते खोटं नाही. तिला तिथे तिच्या रूपात, तिच्या केसांसह उभं राहता येतं, पगार मिळतो, ती गावी आईला पैसे पाठवते. हे मोठं आहे. पण जी शिक्षिका व्हायची ती पोरगी रात्री तीन वाजता नूडल्सच्या पेल्यात गरम पाणी ओतते आहे, हेही त्याच चित्रात आहे. ज्याला एकच दिसलं त्याने अर्धंच पाहिलं.

मी तिला एकदा विचारलं की परदेशी गे गिऱ्हाइकं तुला कशी वाटतात. तिने बराच विचार करून उत्तर दिलं. म्हणाली, टोपली गल्ल्यावर नीट ठेवणारे आवडतात. फोनवर बोलत पैसे फेकणारे आवडत नाहीत. दोन पुरुष हातात हात घालून आले की बरं वाटतं, कारण मग त्या रात्री दारुडे माझ्याकडे बघत नाहीत, त्यांच्याकडे बघतात. आणि ‘तुझं ऑपरेशन झालंय का?’ असं विचारणाऱ्यांत परदेशी गे पुरुष पुष्कळ असतात, असंही म्हणाली. त्यांना वाटतं, आपण एकाच गोटातले, म्हणून विचारायची मुभा आहे. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. आमच्यातल्या प्रत्येकाने ते ऐकावं म्हणून मी जिथे जातो तिथे सांगतो.

टॉम मुलींकडे, म्हणजे आखूड केसांच्या, पुरुषी पेहरावातल्या मुलींकडे, आमचं लक्षच जात नाही. गल्ल्यावर त्याही भरपूर आहेत, अवजड खोकी त्याच उचलतात. आम्हा पुरुषांना बायका दिसत नाहीत, त्याचाच हा एक प्रकार.

22 जानेवारी 2025 ला इथे समलिंगी विवाहाचा कायदा अमलात आला. पहिल्याच दिवशी देशभरात 1,800 हून जास्त जोडप्यांनी नोंदणी केली. सियाम पॅरागॉन मॉलमध्ये तर मोठा सोहळाच होता. त्या गर्दीत दुकानांत, कारखान्यांत राबणारे लोकही होते. या कायद्याने त्यांना काय दिलं? जोडीदार इस्पितळात असेल तर सही करायचा हक्क, एकमेकांच्या मालमत्तेवर वारसा, दत्तक मूल. दिवसाला 400 बाट कमावणाऱ्याला वकील परवडत नाही, म्हणून कायद्याचा कागद त्याला आमच्यापेक्षा जास्त लागतो. आम्ही दोघांनीही नोंदणी केली. भारतात त्या कागदाला अर्थ नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हा हक्क द्यायला नकार दिला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चं ओझं 6 सप्टेंबर 2018 ला उतरलं, हे मात्र मी कधी विसरत नाही. त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून आईला फोन केला होता.

आणि आपल्याकडचा गल्ला? कोल्हापुरात, नाशकात, दादरला किराण्याच्या किंवा कपड्यांच्या दुकानात साडी नेसलेली तृतीयपंथी बाई हिशेब करताना तुम्ही कधी पाहिली आहे? आपण तिला सिग्नलला बघतो, लोकलमध्ये बघतो, बारशाला दारात बघतो. 2014 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. 2022 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने त्यांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने पोलीसभरतीचा अर्ज त्यांना खुला करायला लावला. पिंपरीची बातमी वाचली तेव्हा मला आमची भाची आठवली. कागदावर भारतात तिची ओळख बदलता येते, पण दुकानात उभं राहता येत नाही. इथे दुकानात उभं राहता येतं, कागद बदलत नाही.

या सभागृहात हॉटेल चालवणारे आहेत, दागिन्यांच्या व्यवसायातले आहेत, मोठ्या कंपन्यांत माणसं नेमणारे आहेत. इथल्या नोकरीच्या जाहिरातींत ‘स्त्री, वय अमुक’, ‘पुरुष, वय तमुक’ असं सर्रास लिहिलेलं असतं, आणि 2015 च्या लिंगसमानता कायद्यानंतरही ते चालू आहे. तुमच्या पुढच्या जाहिरातीतून ती ओळ काढा. फोटो मागू नका. मुलाखतीत पदवी बघा, तिच्यावरचं ‘श्री’ बघून थांबू नका. थाई मजकूर लिहायला अडचण असेल तर माझा जोडीदार लिहून देईल, त्याने होकार दिला आहे. आणि शिकवण्या घेणाऱ्या ताई-दादांना एक विनंती: आमची भाची गणित आणि थाई उत्तम शिकवते, सकाळी दहानंतर तिला वेळ असतो. नंबर हवा असेल त्यांनी जेवणाच्या वेळी मला भेटा.